पोचलात, असं यंत्र म्हणालं

बहरीनमध्ये हरवायला माणसाच्या अंगात काहीतरी विशेष असावं लागतं. देश केवढा, तर सकाळी चहा पिऊन गाडी काढली की भूक लागायच्या आत देश संपतो आणि पुढं समुद्र लागतो. कुठल्याही बाजूला गेलात तरी समुद्रच लागतो. म्हणजे हरवणारा हरवून हरवून किनाऱ्यापर्यंतच जाणार. अशा देशात मी, ताहिर परकार, मूळ राहणार तालुका राजापूर, हल्ली मुक्काम नईम, सलमाबादच्या गोदामात हेडक्लार्क, बायकोमुलीसकट अख्खा शुक्रवार हरवलो, आणि तेही जगातलं सगळ्यात हुशार यंत्र हातात धरून. आमच्या बिल्डिंगमध्ये ही गोष्ट हसून सांगितली जाते. मी ती रागावून सांगणार आहे, कारण ती तशीच आहे.

भांडणाचं मूळ एका सहीत होतं. माझी बायको नुसरत बी.ए. बी.एड. लग्नाआधी ती रत्नागिरीला शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे आमच्या घरात कुठलीही जुनी गोष्ट विसरली जात नाही. इथं आली ती नोकरी करायची नाही असा पासपोर्टवर शिक्का घेऊन, आणि नईमच्या फ्लॅटमध्ये बसली. बसली म्हणजे तिनं बिल्डिंगमधली निम्मी पोरं जिन्यात बसवून शिकवली. मग त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, ईद झाल्यावर एका भारतीय शाळेत जागा निघाली. मुलाखत झाली, मोठ्या बाईंना ती पसंत पडली. "शनिवारी सकाळी हजर व्हा," त्या म्हणाल्या, "फक्त मिस्टरांच्या स्पॉन्सरची एनओसी आणा. शनिवारी कागद नसला तर दुसरी बाई तयार आहे." त्या रात्री नुसरतनं ट्रंकेतली सुती साडी काढून इस्त्री केली. मी म्हटलं, अजून सही नाही झाली. ती म्हणाली, साडीला सही लागत नाही.

एनओसी म्हणजे एका ओळीचा कागद. आमची हरकत नाही, एवढंच. पण ज्याची मुळात हरकत नाही त्याच्याकडून ते लिहून घेण्यात मी जे हाल सोसले ते हरकत असलेल्या माणसानं सुद्धा दिले नसते. इंग्रजीत टाईप करून नेला तर अरबीत हवा होता. अरबीत करून आणला तर टाईपवाल्यानं नुसरतला माझा भाऊ करून टाकलं होतं. ते निस्तरलं तर शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली एका माणसाकडे आणि तो माणूस लीव्हवर केरळात. अखेर शिक्का बसला. राहिली फक्त आमच्या अरबाबची सही.

आमचे अरबाब, म्हणजे मालक, अबू खालिद. माणूस सोन्यासारखा. दोष एकच, त्यांना नाही म्हणता येत नाही. आठवडाभर मी कागद घेऊन उभा राहिलो आणि आठवडाभर ते म्हणाले, "इंशाल्ला बुकरा." उद्या. गुरुवारी मात्र माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "शुक्रवारी दुपारी तंबूवर ये, जेवायला. फॅमिली लाना. उदर आराम से साइन करेगा." वर हेही सांगितलं की मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेची, वेळ झाली की ते तंबूवरून परस्पर एअरपोर्टला जाणार आणि मग महिनाभर दिसणार नाहीत. थंडीत इथले लोक घरदार सोडून वाळवंटात तंबू ठोकून राहतात. आपण एसी लावून घरात बसायला इतक्या लांब आलो आणि ते घर सोडून वाळूत झोपायला जातात. ज्याची त्याची हौस.

मी विचारलं, तंबू नेमका कुठं? अबू खालिदनी हात हवेत फिरवला. "अवालीच्या पुढं जा. दुसरी पाईपलाईन ओलांड. एक आडवा पडलेला पिंप दिसेल, त्यावर हिरवं फडकं. तिथून कोणालाही विचार."

कोणालाही विचार! इथंच माझं डोकं फिरलं. मी अठरापगड देशांचा माल गोदामात उतरवून घेतो. एक खोकं इकडचं तिकडं होत नाही. माझ्या हाताखालच्या कोणी मला "कोणालाही विचारा" असं उत्तर दिलं तर मी त्याला दाराबाहेर काढीन. आणि मी, कुटुंब घेऊन, मालकाकडे मानानं जेवायला जाणारा माणूस, वाळवंटात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत फिरू? हिरव्या फडक्याचा पिंप पाहिलात का म्हणून?

नेमका त्याच संध्याकाळी बासित उगवला. बासित हा नुसरतचा धाकटा भाऊ. तुबलीच्या एका गॅरेजात मेकॅनिक आहे, आणि जगात असा एकही प्रश्न नाही ज्याला त्याच्या खिशात उत्तर नाही. त्या दिवशी त्याच्या खिशातून अँटेना असलेलं एक पिवळं यंत्र निघालं. कुणाच्या बोटीवरचं होतं, दुरुस्तीला आलं होतं.

"जीपीएस, भावजी," बासित म्हणाला. "वर उपग्रह हायेत ना, ते सांगतात तुम्ही कुठं हाव ते. आता विचाराविचारी खलास."

"पण मला मी कुठं आहे ते नको आहे. मला अबू खालिद कुठं आहेत ते हवंय."

"तेच तर सांगतंय! मी बुधवारी तुमच्या अरबाबच्याच कॅम्पवर गेल्तो, जनरेटर बंद पडलेला. मेलं काम लवकर झालं, बसल्या बसल्या टेस्ट म्हणून बटण दाबून ती जागा सेव्ह केली. ही बघा." पडद्यावर ठसठशीत 'कॅम्प' असं नाव आलं आणि शेजारी एक बाण. "बाण दाखवील तिकडं गाडी घाला. पोचलात की यंत्र पीं करील."

मी म्हटलं, तू गेला होतास तर तूच रस्ता सांग की. तर हा जाताना पिकअपमध्ये मागं झोपला होता आणि येतानाही. बरोबर चल म्हटलं, तर शुक्रवारी गॅरेजात ओव्हरटाईम. एकूण काय, ज्या माणसाला दोनदा जाऊनही रस्ता माहीत नव्हता त्यानं मला रस्ता दाखवणारं यंत्र दिलं, आणि मी ते घेतलं. नुसरत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. "ऐकलंत काय," ती म्हणाली, "अबू खालिदनी सांगितलंय ते पण लिहून घ्या. पिंप, फडकं." मी म्हटलं, उपग्रह अवकाशात फिरतायत आणि तू फडकी मोजत बसली आहेस. हे वाक्य तिनं लक्षात ठेवलं. मघाशी सांगितलंच, इतिहास शिकवायची.

यंत्राची बातमी बिल्डिंगभर झाली. एक उंदीर पकडायचा म्हटला तरी आमच्याकडे सात माणसं सल्ला द्यायला जमतात, इथं तर उपग्रह होता. वरच्या मजल्यावरचे जमालुद्दीनचाचा म्हणाले, यंत्र छातीशी धरू नका, किरणं निघतात. पाणी न्या, दोरी न्या, फळी न्या, गाडी रुतते. मी फक्त मान हलवली. खालच्या मजल्यावरचा दत्तप्रसाद, देवगडचा, एका कंपनीची बस चालवतो. तो माझ्या गाडीपाशी उभा राहून दात कोरत म्हणाला, "परकारांनू, मशीन आसा ता बरा आसा. पण मानूस दिसलो तर थांबा नि विचारा. लाजा नकात हां."

लाजा नकात! मी काय नवरी होतो?

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली आणि आम्ही निघालो. नुसरतनं डबाभर सांदणं केली होती, मालकाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. कागद मी माझ्या खिशात ठेवणार होतो. तिनं तो आपल्या पर्समध्ये ठेवला आणि पर्स मांडीवर ठेवून वर दोन्ही हात ठेवले. मागच्या सीटवर आमची सुहा, वय बारा, कानात वॉकमन. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते, म्हणजे आईबापांना उलट उत्तर दिल्याचा आरोप निम्मा कमी होतो.

अवालीपर्यंत डांबरी रस्ता. तोवर मी राजा होतो. यंत्र डॅशबोर्डवर उभं, बाण समोर, अंतर सरसर कमी होतंय. डांबर संपलं आणि बाण डावीकडं वळला. मी गाडी डावीकडं घातली. थोडं गेलो तर आडवी पाईपलाईन. माणसाच्या कमरेएवढी उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाण पाईपलाईनच्या पलीकडं बोट दाखवून उभा. आता उपग्रहाला पाईपलाईन दिसत नाही हे बासितनं मला सांगायला नको होतं काय? बाण कावळ्यासाठी बनवलेला आहे. कावळा सरळ जातो. माझी गाडी कावळा नाही.

पाईपलाईनच्या कडेकडेनं जात राहिलो. ओलांडायला जागोजाग मातीचे उंचवटे केलेले असतात, ते ठाऊक असलेल्याला दिसतात. आम्हाला बऱ्याच उशिरा एक दिसला. तिथं मेंढ्या घेऊन एक माणूस उभा होता. आमच्याकडं बघत होता. "विचारा ना," नुसरत म्हणाली. मी काच खाली केली, त्याला सलाम केला, काच वर केली आणि पुढं गेलो.

"सलाम करायला थांबलात?"

"यंत्र आहे ना आपल्याकडं!"

उंचवटा चढून उतरलो. बाणानं आता थेट समोर बोट दाखवलं. समोर काय, तर सपाट, पांढरी, सुंदर जमीन. एक खडा नाही. उजव्या हाताला गाड्यांच्या चाकोऱ्या मोठा वळसा घालून चालल्या होत्या. माझ्या मनात आलं, बघा, यंत्र नसलेली माणसं किती फिरतात. आणि मी गाडी सरळ त्या पांढऱ्या जमिनीवर घातली.

त्या जमिनीला सबखा म्हणतात हे मला नंतर सांगण्यात आलं. वर मिठाची कोरडी पापडी, खाली चिखल. आदल्याच आठवड्यात पाऊस पडून गेला होता, त्यामुळे खालचा चिखल ताजा. गाडी थोडी गेली, मग दमल्यासारखी झाली, मग पुढची चाकं हळूच खाली बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला तशी ती आणखी आरामात बसली. खारट चिखलाचा सपकारा खिडकीवर आला. बाण अजून समोरच बोट दाखवत होता. त्याला काय, तो चिखलात नव्हता.

उतरलो. पाय घोट्यापर्यंत आत. जुम्म्यासाठी काढलेली पांढरी पँट गुडघ्यापर्यंत गेली. चाकाखाली घालायला फळी नव्हती, ओढायला दोरी नव्हती. जमालुद्दीनचाचांचा आवाज कानात येत होता आणि त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की ते समोर असते तर त्यांच्याच पाठीवरून गाडी काढली असती. सगळीकडे सामसूम. लांब कुठं तेलविहिरीची ज्योत जळत होती. टळटळीत दुपार, आणि पाणी घरी ओट्यावर राहिलेलं. नुसरत फक्त सूर्याकडं बघायची, मग पर्सकडं. मी म्हटलं, बोल काहीतरी. ती म्हणाली, "शाळेत इतक्या वर्षांनी परत उभी राहणार म्हणून मी रात्री झोपले नाय. तुमी गाडी काढा, बाकी मला काय बोलायचं नाय." याच्यापेक्षा तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

त्यातच यंत्रानं कुईं केलं आणि पडदा काळा झाला. बॅटरी संपली. चार सेल खातं आणि दुपारभर सुद्धा टिकत नाही, हेही बासितनं सांगितलं नव्हतं. मी मागं वळून सुहाकडं बघितलं. तिनं वॉकमन छातीशी धरला.

"नो, अब्बा. नो वे."

"सुहा, अम्मीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"देन आस्क समबडी!"

बारा वर्षांच्या पोरीनं मला वाळवंटात उभं राहून शिकवावं! वॉकमनचे दोन सेल आणि टॉर्चचे दोन मिळून यंत्र पुन्हा सुरू झालं. सुहा त्यानंतर रडली नाही, फक्त मला "मिस्टर परकार" म्हणायला लागली.

शेवटी एक पांढरा पिकअप चाकोरीवरून आला, आम्हाला बघून कडेला थांबला, आणि त्यातून एक आडदांड बहरीनी गृहस्थ उतरला. झग्यावर सूटचा कोट, डोक्याला लाल फडकं. तो आधी पोटभर हसला. मग गाडीभोवती फिरून आला आणि पुन्हा हसला. मग दोरी काढली. दोरी बांधताना त्याचं लक्ष यंत्राकडं गेलं.

"शिनो हादा, सदीक? रेडिओ?"

"जीपीएस," मी ताठ मानेनं म्हणालो. "सॅटेलाइट से रास्ता दिखाता है."

त्यानं एकदा यंत्राकडं पाहिलं, एकदा बुडालेल्या चाकांकडं. "सॅटेलाइट बहोत ऊपर," तो म्हणाला. "कीचड बहोत नीचे." गाडी ओढून बाहेर काढल्यावर त्यानं विचारलं, "किदर जाना? मेरे पीछे आव, मैं छोडेगा."

माझ्या तोंडात अबू खालिदचं नाव आलं होतं, खोटं नाही सांगत. पण हा माणूस इतका हसला होता, आणि गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेल्या माणसाजवळ प्रतिष्ठा सोडून दुसरं काही शिल्लक नसतं. "शुक्रन," मी म्हटलं, "पता है मेरे को." पिकअप गेला. गाडीत बसलो तेव्हा नुसरतनं माझ्याकडं अशी नजर टाकली की त्यापेक्षा सबखा बरा.

यानंतर मी चाकोरीनं गेलो, दुसरी पाईपलाईन ओलांडली आणि बाणही गुमान वळत गेला. वाटेत आडवा पडलेला पिंप दिसला. वर हिरवं फडकं. पुढं तंबूंचा अख्खा गाव. शंभर तंबू, सगळे सारखे, सगळ्यांपुढं पांढऱ्या लँडक्रूझर. इथं कुणीही गोंधळला असता. पण यंत्र गोंधळलं नाही. अंतर कमी होत होत आलं, आणि एका मोठ्या तंबूशी त्यानं पीं केलं. पडद्यावर अक्षरं आली. पोचलात.

"बघ," मी नुसरतला म्हणालो. त्या एका शब्दात दुपारपासूनचा सगळा हिशेब होता.

तंबूच्या दारातून एक म्हातारे हाजी बाहेर आले, आणि आम्हाला बघताच हात पसरून "हय्याकुमुल्ला, हय्याकुमुल्ला" करत पुढं आले. अबू खालिदना वृद्ध वडील आहेत हे मला ऑफिसात ऐकून माहीत होतं. माझ्या चिखलाच्या पँटकडं त्यांनी बघितलं सुद्धा नाही. पाणी आणवून माझे पाय धुववले. नुसरत आणि सुहाला आतून बायका येऊन त्यांच्या तंबूत घेऊन गेल्या. सांदणांचा डबा मी दोन्ही हातांनी हाजींना दिला. त्यांनी तो कपाळाला लावला.

मला लोडाशी बसवलं. गव्हा आला, म्हणजे अरबी कॉफी, छोट्या कपातून, कप हलवेपर्यंत ओतत राहतात. खजूर आले. मग भलंमोठं ताट, भात आणि वर अख्खं बकरं, आणि चांगला चांगला तुकडा हाजी स्वतः तोडून माझ्यापुढं टाकत होते. सलमाबादच्या गोदामात मला इतकी वर्षं कुणी बसायला खुर्ची पुढं केली नव्हती.

अबू खालिद दिसत नव्हते. येतील, मी म्हटलं, नमाजला गेले असतील, पाय मोकळे करत असतील. विचारायचं कसं? आमच्याकडं कुणाच्या घरी कामाला गेलं तरी आधी ख्यालीखुशाली, मग जेवण, मग पान, आणि निघताना उंबऱ्यात, सहज आठवल्यासारखं काम काढतात. पाट मांडायच्या आत "सही करणारे कुठायत" विचारणारा माणूस कोकणात तीन पिढ्या नावाजला जातो. आणि हाजीही मला काही विचारत नव्हते. कोण, कुठला, कशाला आलास, अवाक्षर नाही. मला वाटलं, मुलानं सांगून ठेवलं असणार. मी म्हटलं, आपलं तोंड गोड तर काम गोड.

"आपका बेटा," मी म्हटलं, "बहोत दिल का आदमी."

हाजींचा चेहरा फुलला. "अल्हम्दुलिल्ला."

"किसी को ना नहीं बोलता."

"वल्ला?" हाजींना हे नवीन असावं. शेजारच्या चार माणसांना त्यांनी ते अरबीत सांगितलं. ते चौघे एकमेकांकडं बघून हसले आणि मला आणखी गव्हा ओतला.

मध्ये सुहा तंबूच्या दारात आली. "अब्बा, अम्मी इज कॉलिंग यू." मी तिला डोळ्यांनी घालवलं. पुरुषांच्या बैठकीत मुलींनी डोकवायचं नाही, एवढं कळायला नको? असरची नमाज झाली. हाजींच्या शेजारी उभा राहून मी नमाज पढलो आणि दुआत अबू खालिदची सही मागितली. उन्हं तिरपी झाली. सुहा पुन्हा आली. "अब्बा, इट्स द राँग..."

"सुहा! मोठी माणसं बोलतायत."

"ओके, मिस्टर परकार," ती म्हणाली आणि गेली.

आता माझ्या पोटातलं बकरं गार पडायला लागलं. कुणीतरी उठून दिवा लावला. मगरिबला अवकाश नव्हता. अखेर मी लाज सोडली, कप हलवून खाली ठेवला, आणि सहज आठवल्यासारखं म्हटलं, "हाजी, आपका बेटा किदर है?"

"कौनसा बेटा? पाच है. चार इदर है." त्यांनी हसणाऱ्या चौघांकडं हात केला. त्यातला कुणी अबू खालिद नव्हता.

"अबू खालिद."

हाजींनी दाढीवरून हात फिरवला. "अबू खालिद मेरा बेटा नहीं. जार. बाजूवाला." त्यांनी तंबूच्या कापडातून पलीकडं बोट केलं. "तुम उसका मेहमान?"

"मग तुम्ही मला विचारलं का नाही?" मी ओरडलो. मराठीत ओरडलो. हाजींना शब्द कळले नसतील, पण अर्थ पोचला. ते शांतपणे म्हणाले, "मेहमान को पूछता नहीं. ऐब है."

एवढ्या वर्षांत मी इतका चिडलो नव्हतो. ज्या माणसानं माझे पाय धुतले त्याच्यावर चिडायचं कसं, म्हणून तर जास्तच चिडलो. अनवाणी बाहेर धावलो. जेमतेम दगड मारण्याच्या अंतरावर दुसरा तंबू, आणि त्याच्यापुढून एक पांढरी लँडक्रूझर धूळ उडवत निघाली होती. "अरबाब! अरबाब!" करत मी मागं पळालो आणि पायात वायर अडकून तोंडावर पडलो. डोकं वर करून बघतो तर समोर जनरेटर. त्यावर बासितच्या गॅरेजचा स्टिकर.

मी वाळूत पडल्या पडल्या सगळं समजलो. जनरेटर आवाज करतो, म्हणून तो मालकाच्या तंबूपासून लांब, म्हणजे शेजाऱ्याच्या तंबूजवळ ठेवतात. बासितनं बटण दाबलं ते काम झाल्यावर, जनरेटरला टेकून. यंत्रानं मला अचूक आणून सोडलं होतं, जनरेटरपाशी. त्याची रतीभर चूक नव्हती, आणि हेच मला सहन होईना. चुकणारं यंत्र असतं तर मी ते आपटून फोडलं असतं.

"पडलात?" वरून आवाज आला. नुसरत उभी होती. ती अबू खालिदच्या तंबूकडून आली होती. तिच्या हातात पर्स नव्हती, कागद होता. खाली अबू खालिदची लांबलचक सही, शाई अजून ओली वाटत होती.

"कधी?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"केव्हाच. आत गेले तर बायकांनी पयलं विचारलं, कोण, कुठली, नवरा काय करतो, पोरं किती, दुसरं का नाय. पाच मिनिटांत सगळं झालं. म्हणाल्या, तुमचा अरबाब तर बाजूला. हाताला धरून घेऊन गेल्या. मी दोन वेळा जेवले."

"मला बोलवायचं नाही?"

"दोनदा सुहाला पाठवली. दुसऱ्या वेळी येऊन म्हणाली, अब्बा इज व्हेरी बिझी."

"अबू खालिदनी बोलवायचं!"

"ते म्हणाले, दुसऱ्याच्या तंबूतला पाहुणा उठवून नेता येत नाय, ऐब आहे. सही करून तुमची वाट बघत बसलेले. हसत होते." ती थांबली. "तुमचं नाव चांगलंच घेतलं त्यांनी. म्हणाले, ताहिरला कुठं बसायचं ते कळतं, हाजीचं बकरं आमच्यापेक्षा चांगलं असतं."

परत येताना यंत्र डिकीत होतं. पाईपलाईन कुठं ओलांडायची, पिंपापासून कुठं वळायचं, ज्योत कुठल्या हाताला ठेवायची, हे सगळं नुसरत बायकांकडून ऐकून आली होती आणि एकेक सांगत होती. मी एकही वळण चुकलो नाही. घरी पोचल्यावर दत्तप्रसाद खाली उभाच होता. "झाला काय काम?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नुसरत म्हणाली, "यांनी नेलं म्हणून झालं." तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी शांत झोपलो असतो.

शनिवारी पहाटे ती उठली. सुती साडी नेसली, कागद पर्समध्ये ठेवला, माझा डबा भरून ठेवला. शाळेची बस बिल्डिंगपर्यंत येत नव्हती, कुठल्या तरी कोपऱ्यावर थांबायची. मी गॅलरीत उभा होतो, आदल्या दिवशीचा राग जसाच्या तसा. खाली ती रस्त्यावर आली तेव्हा राहवलं नाही, मी वरून ओरडलो, "बस कुठं थांबते ते तरी माहीत आहे काय?"

तिनं मान वर करून बघितलं. बऱ्याच वर्षांनी इतकी हसली.

"विचारीन की," ती म्हणाली आणि चालायला लागली.